अंतिम सामना नको, पहिला आठवडा गाठा

रॉजर फेडररने सप्टेंबर २०२२मध्ये लंडनला रॅकेट खाली ठेवली. राफाएल नदाल नोव्हेंबर २०२४मध्ये स्पेनमधल्या मालागाला डेव्हिस कप खेळून थांबला. दोन्ही वेळी आपल्याकडच्या कितीतरी टेनिसवेड्या घरांत एकच हळहळ होती : यांना एकदा तरी प्रत्यक्ष खेळताना पाहायला हवं होतं. वीस-वीस वर्षं रात्री जागून सामने पाहिलेली ही माणसं. त्यातल्या अनेकांना जाणं अशक्य नव्हतं, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. नोव्हाक जोकोविच १९८७चा आहे, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कार्लोस अल्कराझ, यानिक सिन्नर, अरिना सबालेन्का, इगा श्वियाँतेक ही मंडळी तरुण असली, तरी दुखापतीचा काही नेम नसतो. तुमच्या मनात अशी इच्छा असेल तर तिला आजच साल आणि महिना जोडा. ती पुरी कशी करायची, ते या लेखात सांगतो.

बहुतेकांचं घोडं अडतं ते अंतिम सामन्यापाशी. जायचं तर फायनललाच, असं आपण धरून चालतो. फायनलचं तिकीट सर्वांत महाग आणि मिळायला सर्वांत अवघड असतं. शिवाय ते काढताना तुमचा खेळाडू त्या दिवशी कोर्टवर असेल याची काडीइतकीही खात्री नसते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की फायनलचा हट्ट सोडा आणि पहिल्या आठवड्यात जा. कमी पैशांत, जास्त खात्रीने आणि कितीतरी जवळून टेनिस दिसतं ते तेव्हाच.

पहिल्या आठवड्यात काय मिळतं

ग्रँड स्लॅम स्पर्धेत पुरुष आणि महिला एकेरीत प्रत्येकी १२८ खेळाडू असतात. म्हणजे पहिल्या फेरीचेच १२८ सामने. विम्बल्डनमध्ये ही फेरी दोन दिवसांत उरकते, त्यामुळे दिवसाला साधारण ६४ सामने होतात. अठरा कोर्टांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळ चालू असतो. शेवटच्या रविवारी एकेरीचा एकच सामना असतो. जगातले पहिले शंभर खेळाडू एका आवारात हिंडताना, सराव करताना, खेळताना पाहायचे तर पहिले चार-पाच दिवसच हवेत.

सवाई गंधर्व महोत्सवात शेवटच्या दिवशीच्या बुजुर्ग गायकासाठीच येणारे रसिक असतात आणि दुपारपासून बसून नव्या दमाचा गायक ऐकणारेही असतात. वर्षभर ज्यांच्या तोंडी महोत्सवाच्या गोष्टी असतात, ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे. टेनिसचंही तसंच आहे. इतिहासातला सर्वांत लांबलेला सामना फायनल नव्हता. २०१०च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांची पहिल्या फेरीची लढत तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालली आणि पाचवा सेट ७०-६८ असा संपला. ती झाली १८ क्रमांकाच्या छोट्या कोर्टवर, जिथे साधा ग्राउंड पास घेतलेला प्रेक्षकही बसू शकतो.

ग्राउंड पास म्हणजे आवारात शिरून राखीव जागा नसलेल्या कोर्टांवर जागा मिळेल तिथे बसण्याची मुभा. मोठ्या कोर्टांचं तिकीट वेगळं असतं आणि त्यावर बाकीची छोटी कोर्टंही पाहता येतात. अव्वल खेळाडूचा सामना जवळजवळ नेहमीच मोठ्या कोर्टवर लागतो, त्यामुळे नुसत्या ग्राउंड पासवर तो दिसेल अशी आशा धरू नका. उत्तम बेत असा : एक दिवस मोठ्या कोर्टाचं तिकीट आणि एक दिवस ग्राउंड पास. पहिल्या दिवशी तुमचा नायक बघा, दुसऱ्या दिवशी टेनिस बघा.

तो कोणत्या दिवशी खेळेल?

तिकिटावर दिवस आणि कोर्ट लिहिलेलं असतं, खेळाडूचं नाव नसतं. कोणत्या कोर्टवर कोण, हे ‘ऑर्डर ऑफ प्ले’मधून आदल्या दिवशी कळतं. पण थोडी गणितं मांडली तर अंदाज बराच नेमका बांधता येतो.

ग्रँड स्लॅममध्ये एकेरीचा खेळाडू साधारणपणे एक दिवसाआड खेळतो. विम्बल्डन सोमवारी सुरू होतं आणि पहिली फेरी सोमवार-मंगळवारी असते. प्रथेप्रमाणे सोमवारी सेंटर कोर्टवरचा पहिला सामना पुरुषांच्या गतविजेत्याचा आणि मंगळवारचा पहिला सामना महिलांच्या गतविजेतीचा. तुमचा खेळाडू गतविजेता असेल तर दिवस आणि कोर्ट दोन्ही महिनोन् महिने आधी ठाऊक असतात. बाकीच्यांसाठी ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, आदल्या शुक्रवारी निघतो. त्यात तो कोणत्या अर्ध्या भागात आहे हे कळलं, की सोमवार की मंगळवार याचाही उलगडा होतो.

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन ओपन आता रविवारी सुरू होतात आणि त्यांची पहिली फेरी तीन दिवस चालते. तिथे पहिल्या आठवड्यातले बुधवार-गुरुवार धरा. त्या दोन दिवसांत दुसरी फेरी पार पडते. त्यामुळे पहिल्या फेरीत टिकलेला प्रत्येक खेळाडू त्यातल्या एका दिवशी कोर्टवर येतोच. मुक्काम या दोन्ही दिवसांना पुरेल असा ठेवा.

इंडियन वेल्स किंवा मायामीसारख्या ९६ खेळाडूंच्या स्पर्धांत उलटं असतं. तिथे ३२ मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. सुरुवातीचे दोन दिवस गेलात तर नामवंत फक्त सराव करताना दिसतील. दुबईच्या पुरुषांच्या स्पर्धेसारख्या ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत सोमवार-मंगळवारी पहिली फेरी, बुधवारी दुसरी आणि गुरुवारी उपांत्यपूर्व फेरी असते. तिथे मंगळवार-बुधवार ही जोडी सर्वांत भरवशाची.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. खेळाडूने दुखापतीमुळे माघार घेतली, तर तेवढ्या कारणाने तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. २०२२मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य सामन्याआधी नदालने पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने माघार घेतली आणि तो सामना झालाच नाही. म्हणून सगळा जीव एका नावावर टांगून जाऊ नका. त्या दिवशी आणखी कोण खेळतंय, त्याची यादी आदल्या रात्रीच करून ठेवा.

कोणती स्पर्धा निवडावी?

मुलांना घेऊन जायचं असेल तर पॅरिसची फ्रेंच ओपन. मे महिन्याच्या अखेरीस ती सुरू होते, म्हणजे आपल्या शाळांना सुट्टी असते. मुख्य स्पर्धेआधीच्या आठवड्यात पात्रता फेरी असते. तिची तिकिटं स्वस्त असतात आणि नामवंत खेळाडू त्याच आवारात सरावाला येतात. काचेच्या हरितगृहांनी वेढलेलं सिमोन मॅथ्यू कोर्ट पाच हजार आसनांचं आहे. फिलिप शात्रिए या मुख्य कोर्टच्या पंधरा हजारांच्या प्रेक्षागारापेक्षा तिथे खेळ पुष्कळ जवळून दिसतो. मेट्रोच्या १० क्रमांकाच्या मार्गावर पोर्त दोतय स्थानकात उतरून चालत जाता येतं.

मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण मेलबर्नला असतील तर जानेवारीतली ऑस्ट्रेलियन ओपन सर्वांत सोयीची. मेलबर्न पार्क शहराच्या मध्यभागापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे आणि तीन मोठ्या कोर्टांवर सरकती छपरं आहेत. मात्र ऊन फार कडक असतं, पारा कधी कधी चाळिशीला टेकतो. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर संध्याकाळचं सत्र घ्या. रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनच्या साथीने २०२४मध्ये दुहेरीचं विजेतेपद मिळवलं ते इथेच, वयाच्या ४३व्या वर्षी. भारतीय खेळाडू आज मुख्यतः दुहेरीत दिसतात आणि दुहेरीचे सुरुवातीचे सामने बहुधा छोट्या कोर्टांवर होतात. ग्राउंड पासवर आपल्या माणसाला चार हातांवरून प्रोत्साहन देता येतं, हा आनंद चुकवू नका.

न्यूयॉर्कची अमेरिकन ओपन ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. बऱ्याच वर्षी गणेशोत्सव याच काळात येतो, तेव्हा आधी पंचांग बघा. आर्थर अ‍ॅश स्टेडियम तेवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचं आहे आणि वरच्या सज्जातून खेळाडू बाहुलीएवढा दिसतो. तिथे वरचं स्वस्त तिकीट घेण्यापेक्षा ग्राउंड पास घेऊन सरावाची कोर्टं आणि ग्रँडस्टँड नावाचं कोर्ट पाहणं जास्त समाधानाचं. अलीकडच्या वर्षांत मुख्य स्पर्धेआधीच्या आठवड्यात पात्रता फेरीला प्रवेश विनामूल्य असतो. न्यू जर्सीत नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनी हा आठवडा जरूर साधावा. मॅनहॅटनहून ७ क्रमांकाची सबवे थेट मैदानाशी सोडते.

पहिल्यांदाच जात असाल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर दुबई. फेब्रुवारीत आधी महिलांची आणि लगेच पुढच्या आठवड्यात पुरुषांची स्पर्धा होते. मुंबईहून विमान सुमारे तीन तासांचं. स्टेडियम जेमतेम पाच हजारांचं, त्यामुळे मागच्या रांगेतूनही खेळाडूच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात. फेडररने २०१९मध्ये स्टेफानोस त्सित्सिपासला हरवून कारकिर्दीतलं शंभरावं विजेतेपद पटकावलं ते याच छोट्या स्टेडियममध्ये.

विम्बल्डनची रांग

विम्बल्डनचं वेगळेपण असं की आधी तिकीट नसतानाही त्या दिवशी रांगेत उभं राहून तुम्ही सेंटर कोर्टवर बसू शकता. तिकिटासाठी तिथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट सोडतीची. आदल्या वर्षी, साधारण सप्टेंबरात, विम्बल्डनच्या संकेतस्थळावर खातं उघडून नाव नोंदवायचं. सोडतीत नाव निघालं तर दोन तिकिटांपर्यंत देऊ केली जातात. दिवस आणि कोर्ट मात्र नशिबाने येईल ते. आवडलं तर घ्या, नाही तर सोडा. भारतातूनही नाव नोंदवता येतं, तेव्हा दर वर्षी न चुकता नोंदवा.

दुसरी वाट रांगेची. स्पर्धा जिथे होते त्या क्लबासमोरच्या विम्बल्डन पार्कात ही रांग लागते. डिस्ट्रिक्ट लाइनवर साउथफिल्ड्स स्थानकात उतरलात की पाऊण मैल चालायचं. रांगेत पोचताच तारीख आणि क्रमांक छापलेलं कार्ड हाती मिळतं. ते प्रत्येकाला स्वतः हजर राहूनच घ्यावं लागतं, दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही. रोज सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्टाची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं या रांगेसाठी राखलेली असतात. सेंटर कोर्टाची सोय शेवटचे चार दिवस नसते. या तिकिटांखेरीज काही हजार ग्राउंड पास विकले जातात. म्हणजे कार्डावरचा क्रमांक पाहिला की आपल्या पदरात काय पडणार, हे लगेच समजतं.

सेंटर कोर्ट हवं असेल तर आदल्या दिवशीच येऊन तंबूत मुक्काम करावा लागतो. तंबू दोन माणसांचा, त्याहून मोठा चालत नाही. पहाटे स्वयंसेवक सगळ्यांना उठवतात, तंबू आवरून तो सामान ठेवण्याच्या जागी द्यायचा आणि रांग पुढे सरकते. फक्त ग्राउंड पास हवा असेल तर पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी गेलात तरी चालतं. दरवाजे दहाला उघडतात, छोट्या कोर्टांवर अकराला खेळ सुरू होतो, एक नंबर कोर्टवर एकला आणि सेंटर कोर्टवर दीडला. मधल्या वेळात रांगेतली जागा सोडायची ती अर्ध्या तासाच्या आत परत येण्याच्या बेतानेच.

रांगेचा मोठा फायदा म्हणजे ड्रॉ निघाल्यावर तुम्ही दिवस ठरवू शकता. आगाऊ तिकिटात ही मोकळीक नसते. शिवाय आत गेल्यावर दुपारनंतर आणखी एक संधी असते. लवकर निघालेल्या प्रेक्षकांनी सोडलेल्या मोठ्या कोर्टांच्या जागा थोडक्या पौंडांत पुन्हा विकल्या जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. १९५०च्या दशकापासून ही पद्धत चालू आहे. ग्राउंड पास घेऊन आत आलेल्याला संध्याकाळी सेंटर कोर्ट मिळतं ते असं. त्यासाठी फोनमध्ये विम्बल्डनचं अ‍ॅप आणि खातं आधीच तयार ठेवा.

तिकीट, कार्ड, व्हिसा

तिकीट स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पॅरिसमध्ये तिकिटावर नाव असतं आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्राशी ताडून पाहतात. विम्बल्डनची सोडतीची आणि रांगेची तिकिटं दुसऱ्याला विकता येत नाहीत. फक्त डिबेंचर, म्हणजे क्लबाच्या कर्जरोख्यांबरोबर मिळणाऱ्या, तिकिटांचा व्यवहार चालतो आणि ती फार महाग असतात. समाजमाध्यमावर कुणी ‘जादा तिकीट आहे’ म्हणाला तर हात आखडता घ्या. ज्या स्पर्धांची अधिकृत पुनर्विक्री असते, तिथे मात्र रोज नजर ठेवा. ड्रॉ निघाल्यानंतर पुष्कळ लोक तिकिटं सोडतात.

विक्री सुरू व्हायची वेळ भारतीय वेळेत लिहून ठेवा. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, पॅरिस साडेतीन, न्यूयॉर्क साडेनऊ. जानेवारीत मेलबर्न साडेपाच तास पुढे असतं. आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करून मर्यादा वाढवा. आपल्याकडच्या कार्डांवर ही सोय अनेकदा बंद असते आणि ऐन वेळी पैसे भरताना हात चोळत बसावं लागतं.

व्हिसा हा सगळ्यात कच्चा दुवा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ब्रिटनच्या व्हिसासाठी तीन महिने आधीपासून. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जासाठी वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून मुभा मिळताच अर्ज करा. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मुलाखतीची तारीख मिळायलाच खूप दिवस लागू शकतात, तेव्हा त्याच वर्षीची स्पर्धा गृहीत धरू नका. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत मिळतील अशीच विमानाची आणि हॉटेलची आरक्षणं करा.

मैदानावरचा दिवस

दरवाजे उघडताच आत जा आणि थेट सरावाची कोर्टं गाठा. आपला आवडता खेळाडू सर्वांत जवळून दिसतो तो इथे. सरावाच्या वेळा बऱ्याच ठिकाणी फलकावर किंवा अ‍ॅपवर देतात. आधी सर्व्हिस बॉक्समध्ये हलके हलके फटके, मग बेसलाइनवरून पूर्ण ताकदीचे, मग नेटजवळचे आणि शेवटी सर्व्हिस, हा सगळा क्रम बघा. प्रशिक्षकाशी चाललेलं बोलणं, एकच फटका दहा वेळा घोटून घेणं, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. सही हवी असेल तर सराव संपताना कुंपणाच्या कोपऱ्याशी जाड मार्कर घेऊन उभे राहा आणि मुलांना पुढे जाऊ द्या.

सामन्याला बसलात की पहिली काही मिनिटं चेंडूचा पाठलाग करू नका. एकाच खेळाडूच्या पायांकडे बघा. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या क्षणी तो घेत असलेली छोटी उडी आणि मग कोणत्या पायावर निघतो, ते बघा. टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो, त्यामुळे चेंडू नेटवरून किती उंच जातो आणि टप्पा पडल्यावर किती उसळतो, हे पडद्यावर सपाट होऊन जातं. कोर्टाच्या बाजूला खालच्या रांगेत बसलात तर वेग अंगावर येतो. बेसलाइनच्या मागे बसलात तर कोन आणि डावपेच उलगडतात. छोट्या कोर्टांवर दोन्हीकडे बसून बघा. नवे चेंडू पहिल्यांदा सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर येतात. नव्या चेंडूवर सर्व्हिस करणारा तो चेंडू उंचावून समोरच्याला दाखवतो. तिथून पुढचे दोन गेम लक्ष देऊन पाहा, सर्व्हिसची धार वाढलेली जाणवेल.

जागेवर ये-जा खेळाडू बाजू बदलत असतानाच करायची, रॅली चालू असताना बोलायचं नाही, फोन बंद आवाजात ठेवायचा आणि फ्लॅश मारायचा नाही. दुहेरी चूक झाल्यावर टाळ्या वाजवणं अशोभनीय मानलं जातं. टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि लंडन-पॅरिसला पातळ रेनकोट बरोबर हवाच. पिशवी लहान ठेवा. विम्बल्डनला ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरहून मोठी चालत नाही आणि न्यूयॉर्कला पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. विम्बल्डनला घरचा डबा नेता येतो. मेथीचे ठेपले किंवा दशम्या दिवसभर टिकतात आणि खाण्याच्या रांगेत जाणारा वेळ टेनिसला मिळतो.

घराजवळची तालीम

परदेशी जाण्याआधी डोळा तयार करायची सोय महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात एटीपी २५० दर्जाची महाराष्ट्र ओपन होत असे. आता तिथे त्याहून खालच्या दर्जाची चॅलेंजर स्पर्धा होते. २०२४मध्ये ती मोनॅकोच्या व्हॅलेन्टिन व्हाशेरोने जिंकली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असलेल्या याच व्हाशेरोने शांघाय मास्टर्स जिंकून टेनिसजगताला थक्क केलं. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०१७मध्ये महिलांची मुंबई ओपन जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती अरिना सबालेन्का. पुढे ती जगात अव्वल ठरली आणि तिने ऑस्ट्रेलियन व अमेरिकन ओपन प्रत्येकी दोनदा जिंकली. अशा स्पर्धांत खेळाडू तुमच्यापासून दहा-पंधरा फुटांवर असतो. उद्याचा विजेता ओळखायची नजर इथेच येते आणि ती आली की परदेशात काढलेला साधा ग्राउंड पासही सोन्याचा होतो.

आता आज करायच्या तीन गोष्टी. घरातल्यांबरोबर बसून पुढच्या अठरा महिन्यांतली एक स्पर्धा नक्की करा. तिच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडून विक्रीच्या सूचना चालू करा. आणि सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत तपासा. पासपोर्ट सहा महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा.